वापरात नसलेली दलदल

खाजणवाडी,
९ डिसेंबर २०२४

भाई,

'प्रिय' लिहू की नको, यातच चहा गार झाला. शेवटी नुसतं भाई लिहिलं. बाबांच्या वर्षश्राद्धाला खाडीकाठची जागा मरीनाला विकण्यावरून आपलं वाजलं, तेव्हापासून तू माझा नंबर ब्लॉक करून ठेवला आहेस. मीही हट्टाने लावला नाही. आता लावायचं मनात आलं तरी लावता येणार नाही, कारण माझा फोन पोलिसांनी ठेवून घेतलाय. म्हणून हा कागद. पत्र मुद्दाम तुझ्या मालवणच्या घरी पाठवते आहे, कंपनीच्या ऑफिसात नाही. तन्वीवहिनींच्या हाती आधी पडलं तरी चालेल. वहिनी, वाचलंत तर त्यालाही द्या, एवढंच.

मी लिहिताना शाळेतलं मराठी लिहिते आणि भांडताना मालवणी बोलते, हे तुला ठाऊक आहे. तेव्हा हे पत्र भांडणाचं नाही असं समज.

व्हिडिओ तू पाहिलाच असशील. जानेवारीत जनसुनावणी आहे म्हणून तुमच्या नीलतरंग मरीनाचा मराठी सारांश ग्रामपंचायतीत ठेवला होता. लोकांनी वाचावा म्हणूनच तो ठेवतात. पण वाचायला कोणी गेलं नव्हतं, मी गेले. खाडीच्या तोंडाशी गाळ उपसून बोटींचा धक्का होणार, पाण्यावर तरंगत्या खोल्या होणार, शेदोनशे जणांना काम मिळणार. सगळं वाचलं. आणि धक्का जिथे होणार त्या जागेबद्दल एक ओळ होती: 'सदर दलदलीचा भूभाग स्थानिकांच्या वापरात नाही.'

मी ती ओळ तीनदा वाचली. मग तिचा फोटो काढला आणि तशीच खाली खाडीवर गेले. ओहोटी होती. आनंदीबाई आणि वाडीतल्या बायका गुडघाभर चिखलात वाकून तिसऱ्यांचे शिंपले काढत होत्या. मी फोन समोर धरला, ती ओळ मोठ्याने वाचून दाखवली आणि विचारलं, "आनंदीबाई, तुमी हय काय करतास?" त्यांनी कंबर सरळ केली नाही. म्हणाल्या, "वापरात नसलेल्या चिखलातसून वापरात नसलेले तिसरे काढतंय गो बाय."

एवढाच तो व्हिडिओ. शेवटी मी म्हटलं, हा कागद खोटं बोलतो, सुनावणीला या. माझ्या होमस्टेचं जे पान आहे, जिथे मी घावण्याचे आणि सोलकढीचे फोटो टाकते, तिथेच टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तो गोव्यापासून मुंबईपर्यंत गेला होता.

मग ठाण्यात बोलावणं आलं. कंपनीची बदनामी आणि लोकांना चिथावणी, अशी तक्रार. साहेब वाईट नव्हते. खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "मॅडम, तुमचा होमस्टे चांगला चालतो असं ऐकलंय. मग तो चालवा ना. हे कशाला?"

मी म्हटलं, "त्यात चुकीचं काय बोलले ते सांगा."

"चूक-बरोबर कोर्ट ठरवेल. फोन जमा करा."

आता पानही बंद झालंय. कोणीतरी त्यावर तक्रारींचा पाऊस पाडला म्हणे. नाताळातलं सगळं बुकिंग त्या पानावरूनच येत होतं.

एक विचारायचं होतं. तक्रारीखाली कंपनीतर्फे कोणाची सही होती, ते साहेबांनी पंजाने झाकून ठेवलं होतं. स्थानिक समन्वयक म्हणून तू बसतोस तिथे. ती सही तुझी होती का?

अपेक्षा

•

१८ डिसेंबर

भाई,

उत्तर नाही. ठीक आहे.

काल तलाठी आणि त्यांच्याबरोबर दोन माणसं आली. टेप लावून खाडीकडच्या तिन्ही खोल्या मोजल्या. भरतीरेषेच्या आत, परवानगी नाही, म्हणून का पाडू नयेत याचा खुलासा द्या. नोटीस भिंतीवर चिकटवून गेले. पाहुणे पडवीत न्याहारी करत होते. पुण्याचं कुटुंब होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं, आणि दुपारी बॅगा भरल्या.

नोटीस खोटी आहे असं मी म्हणणार नाही. त्या खोल्या आम्ही बांधल्या तेव्हा परवानगी घेतली नव्हती. किनाऱ्यावर कोणी घेतली आहे? खाजणवाडीत ज्याच्याकडे पाहुणे उतरतात त्या प्रत्येकाची एखादी खोली अशी आहे. अर्ज केला तर वर्षानुवर्षं उत्तर येत नाही आणि सिझन थांबत नाही. हे सगळं मान्य. पण नोटीस एकट्या माझ्या भिंतीवर लागली.

आणि ज्या तक्रारीवरून ती लागली तिची प्रत मला मिळाली आहे. त्यात लिहिलंय की मधली खोली 'जुनी विहीर बुजवून' बांधली आहे. भाई, ती विहीर आपण लहान असतानाच बाबांनी बुजवली. वर गवत वाढलं होतं. तिथे विहीर होती हे माझ्या नवऱ्याला, मंगेशनाही माहीत नव्हतं, मी सांगेपर्यंत. बाबा गेले, आई गेली. मग उरलं कोण?

मी तुझ्यावर आरोप करत नाही. विचारते आहे.

वाडीत आता वेगळंच सुरू झालंय. परवा बाजारात शेवंती भेटली. शाळेत माझ्या शेजारी बसायची, आता तिच्याकडेही चार खोल्या आहेत. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "अपेक्षा, तुका काय बोलूचा ता बोल. पण तुज्या बोलण्यान उद्या आमच्याय दारात टेप घेवन इले तर? माजा कर्ज कोण फेडतला? तू?"

 ती चुकीचं बोलत नव्हती.

खोल्या नियमित करून घेण्यासाठी प्रस्ताव देता येतो असं वकील म्हणतात. मोठ्या दंडावर कदाचित वाचतील. पण जागा अजून आपल्या दोघांच्या नावावर आहे. तुझ्या संमतीशिवाय माझा अर्ज कोणी हातात धरणार नाही. कोरा नमुना सोबत पाठवते आहे. सही कर किंवा करणार नाही असं लिही. गप्प बसू नकोस.

अपेक्षा

•

३० डिसेंबर

भाई,

आज तुझे साहेब आले होते. विनीत सर. तू त्यांच्यासोबत येशील असं उगाच वाटलं, म्हणून मी दोन कप जास्तीचे काढून ठेवले होते.

माणूस गोड आहे. चपला बाहेर काढल्या, घराची तारीफ केली, आंबोळी मागून घेतली. या दिवसांत माझ्याकडे पाय ठेवायला जागा नसते, आणि आज पडवीत ते एकटेच जेवत होते. शिरोड्यापर्यंत सगळे होमस्टे भरलेत, माझाच तेवढा रिकामा. ते त्यांनाही दिसत होतं.

म्हणाले, "अपेक्षाताई, तुम्ही उद्योजक आहात, आम्हीही उद्योजक आहोत. आपण एका बाजूला असायला हवं."

मी म्हटलं, "मी कुठे दुसऱ्या बाजूला आहे? तुमचा धंदा होऊ नये असं मी कधी म्हटलं नाही. खोटी ओळ काढा, एवढंच म्हटलं."

"ओळ तज्ज्ञांनी लिहिली आहे. मी कशी काढणार?"

मग त्यांनी बॅगेतून कागद काढला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मी लिहून द्यायचं की गैरसमजातून व्हिडिओ केला. सुनावणीत बोलायचं नाही. पुढेही प्रकल्पाबद्दल कुठे काही लिहायचं-बोलायचं नाही. त्या बदल्यात तक्रार मागे. खोल्यांचं 'वरच्या पातळीवर' बघतील. आणि बांधकाम सुरू झालं की माझ्या सगळ्या खोल्या त्यांच्या इंजिनियरांसाठी बारा महिने घेतील. पावसाळ्यातसुद्धा.

"आणि भाईंची संमती?" मी विचारलं. "जागा दोघांच्या नावावर आहे."

ते हसले. "गुरुदास आमचाच माणूस आहे. तो सही करेल. कधी करायची ते आम्ही सांगू."

भाई, तू सही करत नाहीस असं मला वाटत होतं. तुला करू देत नाहीत हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

कागद ठेवून गेलेत. विचार करायला सुनावणीपर्यंत वेळ दिलाय. मी फाडला नाही. फाडला असं तुला लिहायला मला आवडलं असतं. मंगेश सध्या आरोंद्याला मामांकडे आहेत, बोटीच्या इंजिनाचं काम आहे म्हणून. घरात मी एकटी, आणि तो कागद फ्रिजवर. येता-जाता दिसतो. बारा महिने भरलेल्या खोल्या, भाई. धंदा करणाऱ्या माणसाला याचा अर्थ काय असतो ते तुलाही कळतं.

अपेक्षा

•

१२ जानेवारी २०२५

भाई,

आता तुझी सही नको. खोल्या पाडते आहे.

कामगार परवा आले. कौलं उतरवून झाली, आज पहिल्या दोन खोल्यांच्या भिंती गेल्या. मी स्वतः उभी राहून पाडून घेतेय. तलाठ्यांना लेखी कळवलं की नोटीस मिळाली, बांधकाम परवानगीशिवाय होतं, मी स्वतःच काढून टाकत आहे, पंचनाम्याला या. ते बिचारे दोनदा विचारत होते, "खुलासा द्यायचा आहे ना? खुलासा द्या, मुदत मागा, सगळे मागतात."

मी म्हटलं, "मला मुदत नको. सुनावणीच्या आधी व्हायला हवं."

मागच्या पत्रात एक गोष्ट खोटी लिहिली होती. मंगेश इंजिनासाठी गेले नव्हते. आमचं भांडण झालं. रागाच्या भरात मी 'पाडूनच टाकते' म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. त्या खोल्यांसाठी त्यांनी त्यांची जुनी होडी विकली होती. म्हणाले, "तुका बोलूचा आसा म्हणान घर मोडतलस?" मी म्हटलं, "ह्या खोल्यांच्या भियान गप रवलंय, तर ह्या खोल्या माज्या नाय, तेंच्या." त्यांनी पिशवी भरली आणि गेले.

रागात बोललेलं ते विनीत सरांचा कागद वाचून वाचून पक्कं झालं. नियमाची त्यांना पर्वा नाही. त्यांना हवी आहे माझी मान, आणि ती पकडायला माझ्याच खोल्यांची दोरी त्यांच्या हातात आहे. मी गप्प बसले तर खोल्या नियमात, बोलले तर नियमाबाहेर. असा कसा नियम? मग ती दोरीच नको. जे चुकीचं होतं ते मी काढलं. आता मला कोणी काय दाखवणार?

हे लिहिणं सोपं आहे. मधल्या खोलीची भिंत पडली तेव्हा मी बुजवलेल्या विहिरीच्या जागेजवळ जाऊन बसले आणि बराच वेळ उठले नाही, हेही लिहून ठेवते.

शाबासकी द्यायला कोणी आलं नाही. शेवंती कुंपणाशी येऊन ओरडून गेली, "तू पाडलंस, आता आमका सांगतले, ती पाडता मगे तुमका काय झाला? वाट दाखवलंस मेल्यांका!" अर्ध्या वाडीने माझ्याशी बोलणं टाकलंय. फक्त आनंदीबाई संध्याकाळी आल्या, पडवीत बसल्या आणि तिसऱ्यांची वाटी माझ्या पुढ्यात सरकवून म्हणाल्या, "खा. उपाशी बोलूक जमाचा नाय."

अपेक्षा

•

२१ जानेवारी

भाई,

काल तुझं पाकीट आलं. संमतीचा नमुना, खाली तुझी सही. आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने दोन ओळी: 'साहेबांनी घराचा नकाशा मागितला, मी जुन्या विहिरीसकट काढून दिला. कशासाठी ते विचारलं नाही. पोलिसांतल्या तक्रारीवर सही माझीच.'

खोल्यांचा आता चौथरा उरलाय. सही आली तेव्हा मी त्या चौथऱ्यावरच उभी होते. हसू आलं, मग राग आला, मग दोन्ही गेलं. साहेबांनी सांगायच्या आधीच तू सही केलीस, हे मला कळलं. तुला त्याचं काय भोगावं लागेल हेही कळतं. पण 'विचारलं नाही' हे मला पचत नाही. तू लहानपणी प्रत्येक गोष्ट विचारायचास. मास्तर कंटाळायचे.

उद्या सुनावणी. शाळेच्या पटांगणात मांडव पडलाय, दोन गाड्या पोलीस आलेत, जमावबंदीचा कागद लागलाय. ठाण्यातून निरोप आला की माझं प्रकरण चौकशीत आहे, तेव्हा मी बोलू नये हे बरं. 'बरं' असा शब्द होता. मनाई असा नव्हता.

 मंगेश दुपारी परत आले. कपडे बदलले आणि चौथऱ्यावरची फुटकी कौलं एका बाजूला रचत बसले.

कंपनीतर्फे सारांश वाचून दाखवायला तू उभा राहणार आहेस असं ऐकलं. माझ्याकडे बघू नकोस. बघितलंस तर मला बोलणं जड जाईल.

अपेक्षा

•

२४ जानेवारी

भाई,

तू मंचावर होतास, मी खाली होते. खालून काय दिसलं ते तुला माहीत असायला हवं, म्हणून लिहिते.

फाटकावर मला अडवलं. हवालदार म्हणाला, तुम्हाला आत सोडायला सांगितलेलं नाही. आनंदीबाई मागून म्हणाल्या, "मगे आमीय नाय जाणव," आणि चिखलाने माखलेल्या टोपल्या घेऊन आलेल्या सगळ्या बायका तिथेच रस्त्यावर बसल्या. गडबड ऐकून अध्यक्ष म्हणून आलेल्या अधिकारी बाई स्वतः फाटकापर्यंत आल्या. त्यांनी विचारलं, "लेखी मनाई आहे का?" हवालदार साहेबांकडे बघायला लागला. "नाही ना? मग सुनावणीत यायला आणि बोलायला कोणालाही बंदी नाही. सोडा." त्या कुठल्याच बाजूच्या वाटल्या नाहीत. त्यामुळेच मला धीर आला.

मग तू वाचायला उभा राहिलास.  रोजगार वाचलास, बोटींची संख्या वाचलीस, सांडपाण्याची व्यवस्था वाचलीस. माझ्या मांडीवर तोच सारांश होता, मी ओळीवर बोट ठेवून तुझ्याबरोबर येत होते. आणि त्या ओळीपाशी तू थांबला नाहीस. तिच्या आधीची वाचलीस, नंतरची वाचलीस. मधली गाळलीस.

कोणाच्याच लक्षात आलं नाही. विनीत सरांच्याही नाही, ते फोनमध्ये होते.

भाई, तेवढ्या वेळात माझ्या मनात काय काय येऊन गेलं. तुला ते खोटं तोंडाने म्हणवेना, म्हणून तू ते गिळलंस, हे मला कळलं. माझ्या जागी दुसरं कोणी असतं तर त्याने भावाला असंच सोडून दिलं असतं. पण तू न वाचलेली ओळ कागदावरून पुसली जात नाही. ती पुढे मंजुरीसाठी दिल्लीपर्यंत गेली असती, आणि इतिवृत्तात लिहिलं गेलं असतं की सारांश वाचून दाखवला, कोणी हरकत घेतली नाही. तुझी नोकरी एका बाजूला आणि तो चिखल दुसऱ्या बाजूला.

मी उठले.

"मॅडम, एक ओळ वाचायची रवली."

अधिकारी बाईंनी विचारलं, "कोणती?"

"ज्यांनी सोडली तेंकाच इचारा."

तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस.  बाईंनी स्वतःची प्रत उलटली, चष्मा लावला, आणि म्हणाल्या, "सारांश पूर्ण वाचायचा असतो. वाचा."

तू वाचलीस. 'सदर दलदलीचा भूभाग स्थानिकांच्या वापरात नाही.' तुझ्यासमोर त्या बायका उभ्या होत्या, पोटऱ्यांपर्यंत चिखल वाळलेला, सकाळच्या ओहोटीहून थेट आलेल्या. मला वाटलं होतं कोणी हसेल, कोणी ओरडेल. कोणीच काही केलं नाही. त्या फक्त तुझ्याकडे बघत राहिल्या. आपल्या आईच्या वयाच्या होत्या निम्म्या.

विनीत सरांनी फोन खाली ठेवला. "गुरुदास, पुढे वाचा."

तू माइकसमोर तसाच उभा.

"पुढे वाचा म्हटलं."

"ह्याच्या फुडचा माका वाचूक जमाचा नाय," तू म्हणालास. माइक चालू आहे हे विसरून.

अधिकारी बाई म्हणाल्या, "म्हणजे काय? इतिवृत्तात लिहायचं आहे, नीट सांगा."

तू कागदाची घडी केलीस. विनीत सर उठून तुझ्या खांद्याला हात लावायला आले होते. आणि तू ऑफिसात बोलतोस तसं, शब्दाशब्दाला थांबून म्हणालास, "ही जागा वापरात आहे. मी इथलाच आहे. मला माहीत आहे."

लेखनिकाने ते लिहून घेतलं. मी त्याच्या हाताकडे बघत होते.

पुढे मी काय बोलले ते तू ऐकलं नाहीस, तू मांडवाबाहेर गेला होतास. मी फार बोलले नाही. मी म्हटलं, माझाही धंदा पाहुण्यांवरच आहे, बोटी याव्यात, माणसं यावीत, मला नको कसं असेल? माझ्या तीन खोल्या नियमात नव्हत्या, मी त्या पाडल्या. चौथरा बघायचा असेल तर इथून दिसतो. "नियम माका लागू झालो. आता तोच नियम हेंकाय लागू होवंदे. कमी नाय आणि जास्तीय नाय." खाली बसताना मागे वळून पाहिलं तर शेवटच्या रांगेत मंगेश उभे होते, आणि त्यांच्या शेजारी शेवंती. तिने तोंड फिरवलं. पण ती आली होती.

मी तुला ती ओळ वाचायला लावली याची माफी मागणार नाही. वाईट मात्र वाटतंय, ते आजही तसंच आहे.

अपेक्षा

•

२० फेब्रुवारी

प्रिय भाई,

तन्वीवहिनी काल येऊन गेल्या. त्यांच्याकडून कळलं की तुला दुसऱ्याच दिवशी घरी बसवलं, आणि तू कोणाशी बोलत नाहीस, व्हरांड्यात बसून असतोस. वहिनी माझ्यावर रागावल्या असतील असं वाटलं होतं. त्या रागावलेल्या होत्याच. जेवल्या मात्र.

इकडची हकिकत सांगते, कारण ती तुझीही आहे.

मरीनाचा प्रस्ताव नाकारलेला नाही, तेव्हा जिंकलो असं म्हणू नये. पण परत पाठवलाय. खाडीच्या तोंडाचा नवा सर्व्हे करा, तिथे कोण काय काढतं, कोणत्या महिन्यांत, ते बायकांना विचारून नोंदवा, असं लिहून आलंय. त्यात कारण म्हणून तुझं वाक्य आहे, जसंच्या तसं. आनंदीबाईंना मी ते वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बरो बोललो झिल. पण इतको उशीर कित्याक लावलो तेना?" याचं उत्तर तू त्यांना दे, मी देणार नाही.

माझ्यावरची तक्रार आहे तशीच आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलंय. फोन अजून मिळाला नाही, पान अजून बंद आहे. जुन्या घरातल्या दोन खोल्यांवर सिझन काढतेय. त्यांची नोंदणी मात्र पक्की आहे.

आणि जे शेवंती म्हणत होती ते झालं. गेल्या आठवड्यात टेप घेऊन माणसं वाडीभर फिरली. ज्यांच्या ज्यांच्या खोल्या आहेत त्या सगळ्यांच्या भिंतींवर आता नोटिसा आहेत. माझ्यामुळे झालं की होणारच होतं, यावर वाडीत रोज भांडण होतं. मी म्हणते, निदान आता एकट्यादुकट्याला धरता येणार नाही. पण ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याला हे ऐकून झोप लागत नाही, हे मलाही समजतं.

परवा शेवंती आली. उंबऱ्याच्या आत आली नाही. नोटीस पुढे करून म्हणाली, "हेचा काय उत्तर लिवचा ता सांग. तुज्यामुळा इला, तूच लिव." मी तिला आत बसवलं आणि लिहायला घेतलं. त्यानंतर रोज कोणी ना कोणी येतं. काही खोल्या खरोखर भरतीरेषेच्या आत आहेत, त्या जातील, हे मी तोंडावर सांगते. पण पुष्कळ घरं अशी आहेत की त्यांचे अर्ज कित्येक वर्षं कार्यालयात पडून आहेत, उत्तरच दिलेलं नाही. ती लढता येतात. सगळ्यांनी मिळून एकच मागणी करायची म्हणतोय: मोठ्या प्रकल्पाचा निकाल जितक्या मुदतीत लावता, तितक्याच मुदतीत आमच्या पडवीचाही लावा.

पण भाई, माझं लिहिणं पुरत नाही. मी घाव घालते, मांडणी येत नाही. वकील सावंतवाडीहून आठवड्यातून एकदाच येतात. कोणता कागद कोणत्या टेबलावर जातो, कोणत्या शब्दाला साहेब लोक दचकतात, हे इतकी वर्षं त्या बाजूला बसून तू शिकलास. ते आता या बाजूला हवंय.

तुला माफ केलं, विसरून जाऊ, असलं काही मी लिहिणार नाही. तू नकाशा काढून दिलास ते मला अजून टोचतं, आणि मी तुला भरमांडवात उभं केलं ते तुलाही टोचत असणार. ते राहू दे. त्याच्यासाठी पुढे आयुष्य पडलंय. मंगळवारी दुपारी सगळे पडवीत जमतात. लोक तुला दोन शब्द सुनावतील, शेवंती तर नक्कीच. ऐकून घे आणि मग लिहायला बस.

आणि एक आधीच सांगून ठेवते, नंतर म्हणू नकोस. नवा सर्व्हे आला की मी तोही वाचणार आहे, आणि त्यात खोटं आढळलं तर खाडीवर उभी राहून मोठ्याने बोलणार आहे. फोन नसला तर नसला. हे मान्य असेल तर ये.

तुझी,
अपेक्षा